पोपट बैसाणेनं थुंकलेली दारू

मी एकवीस वर्षं पंचनामे लिहिले. त्यांतले बहुतेक छापा घालायच्या आदल्या दिवशीच लिहून तयार असत. "बाटलीचे बूच काढून वास घेता दारूचा उग्र वास आला" हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं आहे की झोपेत उठवून विचारलं तरी शुद्ध गुजरातीत म्हणून दाखवीन. नाव, गाव आणि बाटल्यांचा आकडा एवढ्यापुरती जागा मोकळी सोडायची. बाकी सत्य आमच्या कचेरीत आधीच ठरलेलं असायचं.

मी मूळचा धुळ्याचा. राज्यं वेगळी झाली तेव्हा मी सुरतेत होतो. बदलीचा अर्ज केला, तो कुठल्याशा टेबलावर राहिला आणि मी सुरतेत राहिलो. कचेरी कुठली ते सांगत नाही. सुरतेत दारूबंदी होती आणि ती राखणाऱ्यांपैकी आमची एक कचेरी होती, एवढं पुरे. दारूबंदी इतकी कडक होती की हवी ती दारू मिळायला कधी कधी अर्धा तास लागायचा.

आता छापा म्हटला की कायद्याला दोन पंच लागतात, आणि तेही त्या भागातले अब्रूदार नागरिक. आमची जीप दिसली की सुरतेतल्या अब्रूदार नागरिकांना एकदम लग्नं, मयतं आणि कोर्टाच्या तारखा आठवत. म्हणून जमादार मगन रस्त्यावरून जाणाऱ्याला धरायचा. अशाच एका सकाळी, एकोणसाठ साली, कतारगामच्या विणकामाच्या कारखान्यातून रात्रपाळी करून घरी निघालेला एक काळासावळा, किडकिडीत माणूस त्यानं धरून आणला. हातात रिकामा डबा, अंगावर कापसाचे तंतू, डोळे तांबारलेले. नाव पोपट बैसाणे, मूळ गाव पारोळ्याजवळचं, राहणार उधन्याकडच्या रुळालगतच्या वस्तीत.

मी नेहमीप्रमाणे तयार पंचनामा पुढे सरकवला आणि म्हटलं, "इथं सही कर. येते ना?"

"येते," तो म्हणाला. "पण बाटली कुठंय?"

"बाटली कशाला?"

"इथं लिहिलंय वास घेतला म्हणून. मी तर घेतला नाही."

मगन जमादार हसला. मीही हसलो. तो मात्र तसाच उभा. शेवटी बाटली आणवली. त्यानं बूच काढलं, डोळे मिटले, एकदाच हुंगलं. "मोहाची आहे. नवसागर जास्त पडलाय. तीन दिवसांपेक्षा जुनी नाही." मग ऐटीत सही केली, चहाला नको म्हणाला आणि झोपायला निघून गेला.

त्याच्या नाकाची गोष्ट अशी. गावाबाहेर त्यांचं घर होतं आणि घराला लागून मोहाची भट्टी. बापाचा दिवस तिथंच सुरू व्हायचा आणि तिथंच संपायचा, आणि एक दिवस बापही तिथंच संपला. पोपट स्वतः वयाच्या तेराव्या वर्षापासून प्यायचा आणि हे तो कोणालाही सांगायचा, न विचारता. सत्तावन्न साली गावात धम्मदीक्षा झाली. पाच शीलं घेतली आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवला नाही. शीलं काय, आपल्याकडे सगळेच घेतात, शपथाही घेतात. पण या माणसाला ती पाळायचीही असतात असं कोणीतरी सांगितलं होतं. खोटं बोलणार नाही हे चौथं आणि दारू पिणार नाही हे पाचवं. ही दोन्ही तो अशी धरून बसला होता की माझ्यासारख्याला त्याच्यासमोर बसायचंसुद्धा अवघड व्हायचं.

पुढची नऊ वर्षं आम्ही त्याला बोलावत राहिलो आणि पस्तावत राहिलो. एकदा त्यानं भर पंचनाम्यात सांगितलं की यात दारू नाही, रॉकेल आहे. एकदा गुलाबपाणी निघालं. केस बुडायची आणि फोजदार त्याच्या नावानं बोटं मोडायचे. पण झालं असं की मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या ते ध्यानात आलं. ज्या कागदावर पोपट बैसाणेची सही असेल तो कागद ते दुसऱ्यांदा वाचत नसत. जिच्यावर नसेल ती केस उलटीपालटी करून बघत. म्हणजे सगळ्या कचेरीची अब्रू एका रात्रपाळीच्या विणकराच्या नाकावर येऊन टेकली. दुसरा पंच म्हणून आमच्याकडे धुडकू होता, चहाच्या दुकानात कपबशा विसळणारा. त्याची सही आम्ही कोऱ्या कागदांवर महिन्याच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवायचो.

वस्तीतही पोपटचा दरारा होता. तिथल्या दोन हातभट्ट्या त्यानं पोलिसांशिवाय बंद पाडल्या. त्याची बायको रंभाबाई आणि आणखी चार बाया परातीत शेण घेऊन भट्टीपुढे बसायच्या, गिऱ्हाईक आलं की नाव घेऊन हाक मारायच्या. पत्र्याच्या छपराचं छोटंसं विहार उभं राहिलं तेव्हा कमिटीचा अध्यक्ष आपोआप पोपट झाला. तो फार बोलायचा नाही. पण त्याच्या समोरून जाताना दारुडे तोंड दुसरीकडे करून श्वास धरून चालायचे. मी स्वतः एकदा तसा चाललो आहे.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग अडुसष्ट साली हासोमलच्या बाटल्या निघाल्या.

हासोमल रामनगरच्या सिंधी कॉलनीत राहणारा म्हातारा, चौऱ्याहत्तर वर्षांचा, दमेकरी. पापड विकून एकटाच गुजराण करायचा. नळावर पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्याशी जुंपली, आणि शेजाऱ्यानं देशसेवा म्हणून आमच्याकडे खबर दिली की म्हाताऱ्याच्या पलंगाखाली परदेशी दारू आहे. फोजदार वशी नुकतेच बदलून आले होते आणि त्यांना एखादी परदेशी केस हवीच होती. देशी केसनं कोणाचं नाव होत नाही.

पोपटला घेऊन आम्ही सकाळी अकराला पोचलो. पलंगाखाली पत्र्याची ट्रंक, ट्रंकेत जुने कोट, कोटांत गुंडाळलेल्या सहा बाटल्या. धुळीनं माखलेल्या, लेबलं कुरतडलेली. एकीवर १९२२ वाचता येत होतं, दुसरीवर १९२८. वशीसाहेबांनी बाटली उजेडात धरून विचारलं, "किधर का माल है?"

"स्पेन का, साईं," म्हातारा म्हणाला. आणि त्याला कोणी न विचारताच सांगू लागला. तरुणपणी तो तेनेरिफे नावाच्या बेटावर एका सिंधी पेढीत नोकरीला होता. रेशमी कापड आणि हस्तिदंती वस्तूंचं दुकान. तीन वर्षांची मुदत, मग सहा महिने घरी, की पुन्हा बोट. शेजारच्या दुकानातला दारूचा व्यापारी दर मुदतीच्या शेवटी त्याला तांबड्या दारूची एक बाटली द्यायचा आणि सांगायचा, बायकोबरोबर पी. हा म्हणायचा, कायमचा घरी जाईन तेव्हा सगळ्या एकदम उघडीन. सहा मुदती झाल्या, सहा बाटल्या झाल्या. कायमचा परतला तोवर फाळणी झाली होती आणि बायको सिंध सोडून येताना आगबोटीतच वारली होती. बाटल्या तेवढ्या राहिल्या.

"पी क्यों नहीं?" मगननं विचारलं. हा प्रश्न त्याच्या मनापासून आला होता.

"किसके साथ?" म्हातारा म्हणाला.

वशीसाहेबांना या कहाणीत रस नव्हता. त्यांना कलम हवं होतं. मगननं खिशातला चाकू काढून पहिल्या बाटलीत खुपसला. बूच भुगा होऊन आत पडलं. म्हातारा किंचाळला, "हिलाओ मत! धीरे! नीचे गाळ बैठा है, कपड़े से छानो!" आरोपीनं पोलिसाला दारू उघडायला शिकवायचं हे मी तरी नोकरीत पहिल्यांदाच पाहत होतो. मगनही गोंधळून त्याचं ऐकू लागला. म्हाताऱ्यानं मलमलीचा तुकडा दिला. त्यातून थोडंसं बशीत गाळलं आणि बशी पोपटच्या नाकाखाली धरली.

पोपटनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. नऊ वर्षांत मी त्याला दोनदा हुंगताना पाहिलं नव्हतं.

"सांगता येत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"दारूचा वास नाही हा. आंबट आहे. जुनाट आहे. हा वास मला माहीत नाही."

वशीसाहेब चिडले. म्हणाले, लिही की आला उग्र वास. पोपट म्हणाला, नाही आला तर कसा लिहू. मी म्हटलं, साहेब, प्रयोगशाळेत पाठवू. तिथून उत्तर यायला आठ महिने, आणि तोवर म्हाताऱ्याला आत ठेवायचं की बाहेर हा प्रश्न. वशीसाहेब म्हणाले, आत. जामीन द्यायला त्याच्या मागे कोणी नव्हतं. म्हाताऱ्याचा श्वास आत्ताच शिट्टी वाजवत होता. लाजपोरच्या तुरुंगात आठ महिने कोणाचा श्वास टिकतो हे सगळ्यांना कळत होतं.

"प्रयोगशाळेची गरज काय?" वशीसाहेबांनी एकदम तोडगा काढला. "चव घ्या. दारू असेल तर अटक. आंबून सरको, म्हणजे सिरका, झाला असेल तर म्हातारा सुटला. मॅजिस्ट्रेटसाहेब पोपटचा शब्द मानतील."

आता खरी गंमत पुढे. चव कोणी घ्यायची? वशीसाहेब घेऊ शकत नव्हते. दारूची चव ओळखली तर ती कुठं शिकलात हा प्रश्न आला असता. मगन त्याच कारणानं नको म्हणाला, आणि नको म्हणताना त्याच्या तोंडाला वेलदोड्याचा वास येत होता. मी माझी लेखणी तपासू लागलो. त्या खोलीत दारूची चव माहीत असल्याचं कबूल करणारा एकच माणूस होता, आणि तो अकरा वर्षं थेंबाला शिवला नव्हता.

"मी पिणार नाही," पोपट म्हणाला.

"कोण पी म्हणतंय? नुसती चव."

"मला शील आहे साहेब."

"मग याला घेऊन जाऊ," वशीसाहेब म्हणाले आणि मगननं म्हाताऱ्याच्या दंडाला धरलं. म्हातारा उठता उठता खोकू लागला आणि खोकता खोकता पुन्हा खाली बसला.

पोपट त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "थुंकायला काहीतरी द्या. तोंडात घेईन, गिळणार नाही. गिळलं नाही तर प्यायलो असं होत नाही."

हे त्याचं त्यानंच शोधून काढलं. कोपऱ्यात एक पितळी तस्त होतं ते म्हाताऱ्यानं स्वतः पुढे ओढलं, आणि त्याचे डोळे मोठे झाले. "साईं, वहां के उस्ताद ऐसे ही करते हैं," तो म्हणाला. "मुंह में लेते हैं, थूक देते हैं. बड़े बड़े उस्ताद." पोपटला त्या उस्तादांशी काही घेणं नव्हतं. त्यानं पँटला हात पुसले, उकिडवा बसला, बशी ओठाला लावली. चहा पितात तशी.

पहिली बाटली. गालात घोळवली, थुंकली. "सिरका. शुद्ध." मी लिहिलं.

दुसरी. तोंड वाकडं झालं. "भिजलेलं गोणपाट. हिच्यात काही उरलं नाही." मी विचारलं, दारू की सिरका? तो म्हणाला, मेलेल्याची जात काय विचारता. मी सिरका लिहिलं.

तिसरी पुन्हा सिरका. चौथी नुसतं पाणी, शाईचा रंग असलेलं. पाचवी त्यानं जरा जास्त वेळ तोंडात ठेवली. "ही कधीतरी होती," तो म्हणाला. "चांगली असावी. आता नाही." कायद्यात 'कधीतरी होती' याला रकाना नाही. वशीसाहेब कंटाळले होते. त्यांच्या परदेशी केसचं लोणचं होत चाललं होतं. शेजाऱ्यानं, त्याच देशभक्तानं, चहा पाठवला होता. ते दारात उभे राहून तो पिऊ लागले.

सहावी बाटली १९२२ची. तिचं बूच मगनच्या चाकूनं न मोडता अख्खं निघालं. म्हाताऱ्यानं ती स्वतःच्या हातानं गाळली. रंग तांबडासुद्धा राहिला नव्हता, जुन्या विटेसारखा झाला होता. पण खोलीत वास आला. मी चार हातांवर बसलो होतो, मलाही आला. वाळलेली जांभळं, नवं कमावलेलं कातडं, तंबाखूची कोठी, असलं काहीतरी. पोपटनं हुंगलं आणि थांबला. मग घोट घेतला.

त्याचे गाल हलले, आणि हलायचे थांबले. डोळे मिटलेले. सगळे वाट बघत होते तो तस्तावर वाकायची. तो वाकला नाही. माझी नजर त्याच्या गळ्यावर होती आणि मी त्याचा कंठमणी खाली जाऊन वर आलेला पाहिला. त्यानंतर तो भानावर आल्यासारखा तस्तावर वाकला आणि थुंकला. आधीच्या पाचांचा तांबूस रंग तस्तात होता. ही थुंकी पांढरी होती.

"मग?" वशीसाहेबांनी दारातून विचारलं. "दारू के सरको?"

पोपटनं म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हातारा फोजदाराकडे बघतच नव्हता. अटक, तुरुंग, सगळं विसरून तो पोपटच्या तोंडाकडे टक लावून बसला होता. त्याला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की कशी आहे. सहेचाळीस वर्षांची जपलेली वस्तू पहिल्यांदा कोणाच्या तरी जिभेवर गेली होती.

"सिरका," पोपट म्हणाला.

मी लिहिलं. माझ्या हातानं लिहिलेल्या खोट्या वाक्यांत ते एक आणखी. पोपट बैसाणेचं मात्र पहिलं.

सुटका झाल्याचा आनंद म्हाताऱ्याला व्हायला हवा होता. त्याचा चेहरा पडला. त्यालाही ते खरंच वाटलं होतं. तेवढ्यावर मिटलं असतं, पण वशीसाहेबांना रिकाम्या हातानं परतायची सवय नव्हती. त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते म्हणाले, "सिरकाच आहे ना? मग कांद्यावर ओत. खाऊन बघू." म्हाताऱ्यानं दोन कांदे चिरले, थाळीत ठेवले आणि सहावी बाटली त्यावर उपडी केली. बाटली अर्ध्याहून अधिक रिकामी झाली तेव्हा तो वास पुन्हा उठला. म्हाताऱ्याचा हात थबकला. त्यानं एक फोड उचलून तोंडात टाकली, चावली, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"कांदा तीखा छे," मगन म्हणाला.

वशीसाहेबांनी चार-पाच फोडी खाल्ल्या. बोटं चाटली. "एकदम सरस सरको," त्यांनी निकाल दिला. मगननं उरलेल्या संपवल्या. सहेचाळीस वर्षांची स्पेनची दारू सुरतेच्या दोन नशाबंदीवाल्यांनी कांद्याबरोबर खाल्ली आणि ते ढेकर देत जीपकडे गेले. मी पंचनाम्यावर सही घ्यायला मागे राहिलो.

पोपटनं सही केली. अक्षर नेहमीसारखं नव्हतं. मग मला म्हणाला, "पंडितराव, उद्यापासून मला बोलवू नका. मॅजिस्ट्रेटसाहेब माझ्या शब्दावर चालतात. आता तो शब्द तसा राहिला नाही."

मी म्हटलं, "अरे, म्हाताऱ्याला वाचवलंस. एवढं काय?"

"खोटं बोललो त्याचं मला तेवढं वाटत नाही," तो म्हणाला. "ते मी समजून बोललो. पण ते गिळलं, ते कोणासाठी गिळलं? ते माझ्यासाठीच गिळलं."

तेवढ्यात म्हातारा दोन छोट्या वाट्या घेऊन आला. बाटलीच्या तळाशी दोन बोटं उरली होती, ती त्यानं वाट्यांत वाटली. एक पोपटच्या पुढे धरली. "तू समझा, साईं," तो म्हणाला. "इतने साल में एक तू ही मिला. मेरे साथ पी ले."

पोपटला ती हवी होती. हे मी शपथेवर सांगतो, आणि माझ्या शपथेला काय किंमत आहे हे वर आलंच आहे. त्याची नजर वाटीवरून हलत नव्हती. मग त्यानं हात जोडले.

"बाबा, आजवर मी दारू सोडली नव्हती," तो म्हणाला. "घाण सोडली होती. ती कोणीही सोडेल. दारू मी आत्ता सोडतोय."

तो जिना उतरून गेला. ती वाटी मी प्यालो. मला विचाराल तर आमसुलाच्या सारासारखी लागली. मला त्यातलं काही कळलं नाही.

घरी जाऊन त्यानं रंभाबाईला सगळं सांगितलं. तिनं "काय व्हयनं?" विचारलं, त्यानं "मी खोटं बोलनू, आनि गिळी लिधं" म्हटलं. तिनं त्याला जेवायला वाढलं. एवढ्यावर ते संपायला हवं होतं. दुसरा कोणी असता तर संपलंही असतं. पण हा पोपट बैसाणे. बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर तो उभा राहिला आणि सगळ्या वस्तीसमोर म्हणाला, "मी दारू प्यालो. एक घोट. मला अध्यक्षपदावरून काढा."

लोकांनी विचारलं, कुठं? कोणाबरोबर? कशी? तो बोलेना. बोलला असता तर सहावी बाटली दारूची होती हे उघड झालं असतं आणि हासोमल आत गेला असता. मग लोकांनी आपलं आपणच उत्तर काढलं. नऊ वर्षं पोलिसांच्या जीपमधून हिंडतो, बाटल्या हुंगतो, एक घोट म्हणतोय म्हणजे किती असतील, धरा हिशेब. ज्यांच्या भट्ट्या त्यानं बंद केल्या होत्या त्यांनी तर त्या संध्याकाळी एकमेकांना मिठ्या मारल्या. त्याला कमिटीतून काढलं. पोरं त्याला रस्त्यात पाहून बाटली तोंडाला लावल्याचा आव आणायची. नळावर बाया रंभाबाईला ऐकू जाईल असं बोलायच्या.

एक दिवस रंभाबाई माझ्या घरी आली. आत आली नाही, उंबऱ्याशीच उभी राहिली. "दादा, तुम्ही तिथं होता," ती म्हणाली. "विहारात येऊन एकदा सांगा ना, ह्यांनी का केलं ते. माणसं तुमचं ऐकतील. तुम्ही सरकारी आहात."

मी म्हटलं, "बघतो." म्हाताऱ्याची केस आहे, जरा निवू दे, असंही म्हटलं. तिला ते पटलं. तिच्या नवऱ्याला तर आधीच पटलेलं होतं.

सत्तर साली हासोमल दम्यानंच वारला, त्याच्या स्वतःच्या पलंगावर. त्यानंतर कसलीच अडचण नव्हती. विहार माझ्या घरापासून सायकलनं वीस मिनिटांवर. जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. पण ती बोललो असतो तर पंचनामा खोटा आणि तो माझ्या अक्षरात, हे बाहेर आलं असतं. माझी निवृत्ती सहा वर्षांवर होती. आयुष्यभर खोटं लिहिताना माझा हात कधी अडखळला नव्हता; खरं बोलायची वेळ आली तेव्हा मात्र मला नोकरीचे सगळे नियम पाठ आठवले. मी गेलो नाही. आज नाही, पुढच्या रविवारी, असं करत सहा वर्षं गेली. मला माझी लाज वाटते. ती तेव्हाही वाटत होती, पण पगारही मिळत होता.

मी शहात्तर साली निवृत्त झालो. निरोपाला हार, नारळ आणि घड्याळ मिळालं. त्यानंतर महिन्याभरानं स्टेशनवर भुसावळच्या गाडीपाशी पोपट दिसला. कारखान्यातून मोकळा होऊन गावी चालला होता, कायमचा. सोबत रंभाबाई, दोन गाठोडी आणि एक सुतळीनं बांधलेली बादली. पोचवायला वस्तीतलं कोणी आलं नव्हतं. मी तोंड चुकवायला वळलो, पण त्यानंच हाक मारली. रंभाबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "पोपट, मी येणार होतो विहारात. राहून गेलं."

तो म्हणाला, "ते जाऊ द्या. पेन्शन सुरू झाली ना?"

"झाली."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"बरं झालं," तो म्हणाला. "म्हातारा गेल्यावर मला तुमचीच काळजी होती. म्हणून मीही बोललो नाही."

गाडी हलली. त्यानं खिडकीतून हात जोडले.